जाणकारांची गाडी

आमच्या नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीला फार जाणकार गिऱ्हाईक लाभलं आहे. ऐंशी रुपयांत हाफ ट्रिपल शेजवान, चटणी मागाल तितकी फुकट. तरी मंडळी गुण देताना हात सैल सोडत नाहीत. एकाचं निरीक्षण, ‘कोबी ताजा होता, चव गेली.’ दुसऱ्याला शंका, की परवा खाऊन बोटं लाल झाली नाहीत, म्हणजे मालकाचं धंद्यात लक्ष राहिलं नाही. तिसरा निःपक्षपाती. रात्रभर जागला, पण ठपका ठेवला दुपारच्या घरच्या वरणावर.

‘असं चीनमध्येसुद्धा मिळत नाही,’ यावर मात्र एकमत. रास्तच आहे. चिकन मंचुरियन नेल्सन वँग यांनी १९७५ साली चर्चगेटच्या क्रिकेट क्लबात आलं, लसूण, मिरची नि सोया सॉस घालून जमवलं. मांचुरियाला अजून कळवायचं राहिलं आहे. तेव्हा या जाणकारांचं एक शिष्टमंडळ सिचुआनला धाडून तिथल्या आचाऱ्यांना जैन शेजवान आणि चायनीज भेळ शिकवावी, अशी आमची नम्र सूचना.

मात्र घाई करावी. परवा मालकानं कढई घासली. तेव्हापासून गाडीवर माशीसुद्धा नाही.