२५,००० व्होल्ट आणि तरी अंधार

जुन्या डबा टीव्हीची दुखणी दोन जातींची. पहिल्या जातीत सगळा वाडा डॉक्टर असायचा. एकानं गच्चीवर चढून अँटेना फिरवायची, दुसऱ्यानं जिन्यात उभं राहून "आलं का?" विचारायचं आणि खालच्यानं "आलं होतं, गेलं!" असं ओरडायचं. दुसऱ्या जातीत आवाज ठणठणीत यायचा, पडदा मात्र काळाठिक्कर. मग सगळे डॉक्टर आपापल्या खोल्यांत परतत आणि मेकॅनिककडे पोरगं पिटाळलं जाई.

आमच्या घरी हे दुखणं उपटलं ते रविवारी सकाळी, साडेनऊच्या सुमाराला. १९८७ साल, 'रामायण' सुरू झालेलं. अर्ध्या वाड्याच्या चपला आमच्या दाराबाहेर. शंख वाजला, संवाद सुरू झाले, राम दिसेना. आजी म्हणाली, "ऐकू येतंय ना? मग गप बसा आणि हात जोडा." निरोप घेऊन गेलेलं पोरगं हात हलवत परत आलं. मेकॅनिक स्वतःच्या घरी 'रामायण' बघत बसला होता आणि संपल्याशिवाय उठणार नव्हता.

आल्यावर त्यानं हत्यारांची पेटी उघडली नाही. आधी उजव्या हाताची बाही सारली आणि मनगट पडद्याजवळ नेलं. चालू टीव्हीच्या काचेशी हात नेला की केस ताठ उभे राहतात आणि बारीक चरचर होते; म्हणजे आत हायव्होल्टेज आहे. इथे केस जागचे हलले नाहीत. मग त्यानं आमच्या धाकट्याला पुढे बोलावलं. "बाळ, शिट्टी ऐकू येतेय का रे?"

शिट्टी हा काय प्रकार, हे बाबांना कळेना. चित्र रंगवायला इलेक्ट्रॉनचा किरण पडद्यावर ६२५ रेघा मारतो, सेकंदाला २५ वेळा. गुणाकार १५,६२५. तेवढ्या वेळा एलओटी नावाचा ट्रान्सफॉर्मर थरथरतो आणि बारीक सूर काढतो. पोरांना तो शेजारच्या खोलीतूनही ऐकू येतो, चाळिशी उलटलेल्याला कानाशी धरला तरी येत नाही. मेकॅनिक पन्नाशीचा होता. त्यामुळे त्याच्या धंद्यातलं सगळ्यात नाजूक यंत्र म्हणजे गिऱ्हाइकाचं पोर. धाकटा मान वाकडी करून ऐकत राहिला आणि म्हणाला, "नाहीये." मेकॅनिकनं समाधानानं मान डोलावली. "लाइनच बंद आहे, वहिनी. चहा टाका."

या एलओटीची करामत अशी. किरण उजव्या कडेला पोचला की त्याला डावीकडे परत आणायला जेमतेम १२ मायक्रोसेकंद मिळतात. तेवढ्यात कॉइलमधला प्रवाह कोसळतो आणि त्या कोसळण्यातून व्होल्टेजचा लोंढा उसळतो. ट्रान्सफॉर्मर तो आणखी चढवतो आणि रंगीत टीव्हीत पिक्चर ट्यूबच्या रबरी टोपीखाली जवळपास २५,००० व्होल्ट जमतात. घरात येतात २३०. बाबांनी हा आकडा ऐकला आणि खुर्ची मागे घेतली. एरवी हेच गृहस्थ "त्यात काय, नुसती वायर तर जोडायचीय" म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेत.

मागचं झाकण निघालं. मेकॅनिकनं ट्यूबच्या पाठीवरच्या अर्थच्या तारेला एक वायर बांधली, वायरचं दुसरं टोक स्क्रू ड्रायव्हरला, आणि त्याचं पातं हळूच रबरी टोपीखाली सारलं. चट्ट! आजीनं रामाचं नाव घेतलं. थोडं थांबून त्यानं पुन्हा सारलं. पुन्हा चट्ट, जरा हलकं. एकदा उतरवलेला चार्ज काचेतून थोडाथोडा परत वर येतो, म्हणून दोनदा. हे सगळं चालू असताना त्याचा डावा हात पँटच्या खिशात. आम्हां पोरांना ती ऐट वाटायची. खरं कारण वेगळं: दोन्ही हात आत असले आणि झटका बसला, तर वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताकडे जाते.

मग बीयू २०८ नावाचा ट्रान्झिस्टर निघाला, शॉर्ट झालेला. तपकीर गल्लीतल्या दुकानातून नवा आणला, डाग दिला, बटण दाबलं आणि नवाही "टक्" करून गेला. बाबांचा चेहरा गल्लीतल्या दुकानदाराला मनातून शिव्या देणारा. मेकॅनिक मात्र शांत. त्यानं पेटीतून १०० वॅटचा बल्ब काढून सिरीजमध्ये लावला. दुखणं आत असेल तर बल्ब भक्कन पेटतो; एकदाच पेटून मंदावला, तर सगळं ठीक. हा भक्कन पेटला आणि तसाच राहिला. एलओटीच्या आत कुठेतरी दोन वेढे एकमेकांना चिकटले होते. मीटरला यातलं काही कळत नाही. त्याची सुई सगळं आलबेल म्हणून सांगते. पन्नास रुपयांचा मीटर खोटं बोलतो आणि चार रुपयांचा बल्ब खरं, ही गोष्ट बाबांनी पुढे ऑफिसातही सांगितली.

पावसाळ्यातला प्रकार निराळा. तेव्हा टीव्ही बंद पडत नाही, फसफसतो. दमट हवा आणि टोपीखालची धूळ यांतून वीज गळायला लागते, ओझोनचा उग्र वास सुटतो आणि आई स्वयंपाकघरात जाऊन "काय करपलं?" म्हणून पातेली बघत बसते. ब्राइटनेस वाढवला की चित्र भाकरीसारखं फुगतं आणि निवेदिकेचे गाल काचेच्या बाहेर जातात. मेकॅनिक म्हणायचा, "सगळे दिवे घालवा." अंधारात आम्ही दहा-बाराजण डब्याच्या पाठीमागे श्वास रोखून उभे. टोपीच्या कडेनं जांभळा-निळा धागा वळवळताना दिसला की एकच गलका: "दिसलं, दिसलं!" पुढचं सोपं. चार्ज उतरवायचा, टोपी आणि काच स्पिरिटनं पुसायची, वाळू द्यायची. बिल मात्र गलक्याच्या मानानं व्हायचं.

आता पॅनेल गेलं की माणूस येतो, मोबाइलवर फोटो काढतो आणि "नवाच घ्या" म्हणतो. त्याला ना पोराचे कान लागत, ना हातावरचे केस. चहाही घेत नाही.

तरीही पुष्कळांच्या माळ्यावर तो जुना डबा अजून आहे आणि सुट्टीत नातवंडांना तो उघडून "आतली मोटार" काढायची असते. त्यात मोटार नसते. वायर काढलेली असली, तरी ट्यूबमध्ये चार्ज टिकून राहू शकतो. त्याहून घातकी असतो तो सप्लायकडचा सुमारे तीनशे व्होल्टचा कंडेन्सर. शिवाय दचकून मागे घेतलेला हात ट्यूबच्या नाजूक मानेवर आपटतो. आत पोकळी, काचेत शिसं. तेव्हा डबा उघडू नका, भंगारवाल्याला फोडूही देऊ नका. अख्खाच्या अख्खा ई-कचरा नेणाऱ्याच्या हवाली करा. उतरवताना दोघं तरी लागतील. त्याचं सगळं वजन पुढच्या काचेकडे असतं.