सर, डोकं बाजूला घ्या!

लोकांसमोर चित्र काढणं आपल्याकडे नवीन नाही. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी सुरू झाली की रस्त्याने जाणाराही पिशवी खाली ठेवून उभा राहतो. वासुदेव कामतांसारखा चित्रकार व्यक्तिचित्राचं प्रात्यक्षिक द्यायला बसला की मागच्या रांगेतले लोक माना उंचावतात, कुणी खुर्चीवर चढतं, कुणी पुढच्याच्या खांद्यावरून डोकावतं. मोबाइल लावून लाइव्ह चित्र काढण्याचं दुखणं इथेच आहे. मोबाइलला मान नसते. तो ठेवला तिथून जे दिसेल तेच दाखवतो, आणि चित्रकार वाकला की दिसतं ते चित्रकाराचं टक्कल.

मी मोहने गावातला निवृत्त ड्रॉइंग मास्तर. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसलेल्या पोरांना आयुष्यभर 'मान वर कर, कागदात घुसू नकोस' म्हणून ओरडलो. आता मी घरून यूट्यूबवर लाइव्ह चित्र काढतो, तेव्हा तीच पोरं पुण्याहून, दुबईहून मला लिहितात, "सर, डोकं बाजूला घ्या." भाषा आदराची आहे, पण सूड तो सूडच.

हा प्रश्न पिकासोलाही पडला होता. 1956 साली क्लूझो नावाच्या फ्रेंच दिग्दर्शकाने त्याच्यावर सिनेमा केला, तेव्हा शाई आरपार झिरपेल असा कागद वापरला आणि कॅमेरा कागदाच्या मागे ठेवला. पिकासो पलीकडून काढतोय, अलीकडे रेघा आपोआप उमटतायत, मध्ये ना हात ना डोकं! माझ्याकडे क्लूझो नाही, डोंबिवलीची भाची आहे. ती म्हणाली, "मामा, कॅमेरा डोक्यावरून खाली बघायला हवा." मग स्वयंपाकघरातल्या मांडणीच्या वरच्या कप्प्यातून एक लाकडी पट्टी बाहेर काढली, पुढच्या टोकाला मोबाइल अडकवला आणि मागचं टोक उचलू नये म्हणून त्यावर तांदळाचा डबा ठेवला. डबा भरलेला असतो तोवर ही योजना परदेशी स्टुडिओच्या तोडीची आहे. संध्याकाळी आमच्या सौभाग्यवतींनी भातासाठी डबा उचलला, की जगभरच्या कलारसिकांना आमची फरशी दिसते. तेव्हा पहिली सूचना: वजन असं ठेवा की जे घरात कुणाला लागणार नाही. माझ्याकडचे जुने दिवाळी अंक त्यासाठी उत्तम ठरले.

दुसरी गोष्ट उजेडाची. उजव्या हाताने काढत असाल तर दिवा डावीकडून, म्हणजे स्वतःच्या हाताची सावली रेघेवर पडत नाही. हे शाळेत शिकवतातच. शाळेत शिकवत नाहीत ते हे, की आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला 100 वेळा तेज-मंद होत असतात. आपल्या डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटरचा वेग त्याच्याशी जुळला नाही तर पडद्यावर काळसर पट्टे वाहायला लागतात. एकाने तर विचारलं, "सर, उल्हास नदीत बसून काढताय का?" उपाय सोपा आहे: कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'अँटी फ्लिकर' 50 वर ठेवा, किंवा शटर 1/50 अथवा 1/100 करा. आणि कागदावर बोट दाबून धरून फोकस व एक्स्पोजर लॉक करा. नाहीतर पांढराशुभ्र कागद बघून मोबाइल घाबरतो आणि त्याला राखाडी करून टाकतो; शिवाय हात मध्ये आला की चित्र सोडून नखांवर फोकस धरतो. नखं मात्र फार सुंदर दिसतात.

सेल्फी कॅमेऱ्याच्या वाटेला जाऊ नका. काही ॲप त्याचं चित्र आरशासारखं उलटं दाखवतात. फुलदाणीला काही बिघडत नाही, पण टिटवाळ्याच्या गणपतीच्या वाटेवरच्या गावात राहून गणपती न काढून कसं चालेल? कागदावर सोंड डावीकडे, पडद्यावर उजवीकडे! एका काकूंनी लगेच कळवलं की उजव्या सोंडेचा कडक असतो, घरात सोवळं पाळता ना? सिद्धटेक आणि प्रभादेवी यांची उदाहरणंही दिली. मागचा कॅमेरा वापरला की हा धार्मिक प्रश्न तांत्रिक पातळीवरच मिटतो.

इंटरनेटबद्दल थोडक्यात. जाहिरातीत सांगतात तो वेग खाली उतरण्याचा. आपल्याला हवा वर चढवण्याचा, म्हणजे अपलोड. 720पी चित्राला साधारण 4 एमबीपीएस लागतात, त्याच्या दुप्पट हाताशी असावेत. वायफायपेक्षा वायर बरी. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राउटर मान टाकतो, म्हणून त्याला छोटा यूपीएस लावा. यूट्यूबवर पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायला 24 तासांपर्यंत थांबावं लागतं आणि थेट मोबाइलवरून करायचं तर निदान 50 सबस्क्रायबर लागतात. ते जमवताना मला मुलीच्या लग्नाची आमंत्रणं आठवली. लॅपटॉप असेल तर ओबीएस स्टुडिओ हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्या. एका कळीवर कागद, दुसरीवर चेहरा. चेहऱ्याची कळ कमी वापरावी, असं भाचीचं मत.

आवाजाचं काय सांगू? एनआरसीचा कारखाना 2009 साली बंद पडल्यापासून मोहन्यात शांतता आली असेल, असं बाहेरच्यांना वाटतं. त्यांनी आगऱ्यांच्या हळदीला येऊन बघावं. मी कोळशाने म्हातारीच्या सुरकुत्या काढतोय आणि पार्श्वसंगीत खालच्या डीजेचं. ते ऐकून यूट्यूबच्या यंत्राने गाणं ओळखलं आणि व्हिडिओवर हक्काचा दावा आला. नाचले ते, आणि नोटीस मला! तेव्हा लग्नसराईत माइक बंद ठेवून चित्र काढावं, बोलायचं ते लिहून दाखवावं. एरवी बोलतच राहावं, कारण गप्प चित्रकार बघणं म्हणजे शिक्षाच. अमेरिकेचा बॉब रॉस टीव्हीवर अर्ध्या तासाच्या आत निसर्गचित्र पुरं करत गप्पा मारायचा. पण तेच चित्र त्याने आधी एकदा रंगवलेलं असायचं आणि ते कॅमेऱ्याला दिसणार नाही असं समोर ठेवलेलं असायचं. काहींना ही लबाडी वाटते. मला तो गृहपाठ वाटतो.

सगळ्यात गमतीची गोष्ट उशिराची. आपण रेघ मारतो आणि लोकांना ती काही सेकंदांनी दिसते, कधीकधी दहाहून जास्त. मी कानापर्यंत पोचलेला असतो तेव्हा प्रतिक्रिया येते, "थोडं लांब झालंय." मी निमूटपणे कान खोडतो. मग खुलासा येतो, "सर, कान नाही, नाक म्हणालो." तोवर कान गेलेला असतो आणि नाक होतं तिथेच असतं. सेटिंगमध्ये 'लो लेटन्सी' निवडली की अंतर कमी होतं, पण कनेक्शन कच्चं असेल तर चित्र अडखळतं. मी उशीर तसाच ठेवलाय. प्रेक्षकांचं ऐकायला जितका उशीर होईल तितकं चित्र बरं होतं.

आता खरेदीबद्दल विचाराल तर आधी चांगला दिवा घ्या, मग घट्ट स्टँड, मग राउटरचा यूपीएस. नवा मोबाइल सगळ्यात शेवटी, आणि तोवर बहुधा लक्षात येईल की त्याची गरजच नव्हती. आणि कुणाचंही लाइव्ह बघताना सूचना करायची असेल, तर कृपा करून अवयवाचं नाव आधी लिहा.