अप्परवाल्याची कृपा

महाराष्ट्रात आता रात्र होत नाही. याचं श्रेय वीजखात्याला द्यायची घाई कोणी करू नये. रस्त्यावरचे खांब पूर्वीइतकेच झोपाळू आहेत. हा चमत्कार घडवलाय मोटारसायकलवाल्यांनी, आणि तोही स्वखर्चानं. रात्री नऊनंतर पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या कडेला उभं राहून बघा. समोरून एक सूर्य येतो. तो डोळ्यांतून ओसरतो न ओसरतो तोच दुसरा येतो, आणि त्याच्या लेग गार्डवर आणखी दोन बालसूर्य बसलेले असतात. पुराणातल्या बारा आदित्यांना एकदम प्रकट व्हायला प्रलयाची वाट बघावी लागते. आपल्याकडे सिग्नल सुटला की पुरतं.

एवढा उजेड कोणासाठी, हा प्रश्न खवचट वाटेल. पण या चळवळीचं मर्म त्यातच आहे. जुना पिवळा बल्ब मालकाला रस्ता दाखवायचा. नवा पांढरा एलईडी रस्त्याला मालक दाखवतो. तेही पूर्ण खरं नाही, कारण मालक दिसतच नाही. दिसतं ते फक्त त्याचं तेज.

ज्यांना हे तेज खुपतं त्यांनी मागचे दिवस आठवावेत. कित्येक मोटारसायकलींचा हेडलाइट बॅटरीवर चालतच नसे. इंजिन फिरेल तशी कॉइल वीज बनवणार आणि ती थेट बल्बला जाणार. रेस दिली की उजेड, सोडली की मिणमिण. पुढे खड्डा आहे का हे बघायचं तर रेस द्यायला हवी, आणि रेस दिली की आपण खड्ड्यापाशी जरा लवकरच पोचणार. त्यामुळे खड्डा दिसणं आणि खड्ड्यात असणं या दोन घटना एकाच क्षणी घडत. सहा व्होल्टच्या बुलेटचा दिवा तर निव्वळ शिष्टाचार म्हणून लावायचा; गाडी येतेय हे गल्लीला आवाजावरून आधीच कळलेलं असे.

आणि तेवढ्याशा उजेडाचीही समाजाला केवढी धास्ती! हेडलाइटच्या काचेवर काळा रंग फासलेला असे. कुठे वरचा अर्धा भाग, कुठे मधोमध ठिपका, बाळाच्या गालावरच्या तिटीसारखा. समोरच्याला त्रास नको म्हणून माणसं स्वतःच्या दिव्याला काळं फासत होती, हे आज कोणाला सांगून खरं वाटणार नाही.

मग 1 एप्रिल 2017 उजाडला. तेव्हापासून नव्या दुचाकीचा दिवा इंजिन सुरू झालं की आपोआप लागतो. बंद करायचं बटणच नाही. दुचाकी दिवसाही लांबून दिसावी, एवढा साधा हेतू. पण या नियमानं आपल्या रस्त्यावरचा एक मोठा परोपकार मारला. त्याआधी भरदुपारी कोणाचा दिवा चालू राहिला, तर समोरून येणारा अनोळखी माणूस हात वर करून पाची बोटं उघडमिट करायचा. जात, धर्म, पक्ष काही न विचारता. नियम आल्यावरही लोकांनी बरेच दिवस इमानानं बोटं उघडमिट केली. नव्या गाडीचे मालक आधी हसून मान डोलवत, मग नुसतीच डोलवत, मग तेही बंद झालं. आता परोपकाराच्या खात्यात ‘ताई, ओढणी’ आणि ‘काका, स्टँड’ एवढंच शिल्लक आहे.

सरकारनं दिवा दिवसा लावायला लावला. जनतेनं तो रात्री वाढवून दाखवला.

या पंथाची दीक्षा पुण्यात नाना पेठेत मिळते. नाना पेठ म्हणजे दुचाकीच्या स्पेअर पार्टची पंढरी. तिथे नटबोल्टापासून मोक्षापर्यंत काहीही जोडीत मिळतं. एका दुकानात मी फक्त चौकशीला गेलो होतो.

“काका, हा घ्या. सगळ्या बाजूंनी चिपा आहेत.”

“किती वॅटचा?”

“खोक्यावर लिहिलंय बघा.”

खोक्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा तर त्या बल्बाइतक्या विजेवर घरची पिठाची चक्की चालली असती.

“आरटीओला चालतो का?”

“आरटीओ रात्री असतो का, काका?”

“पण समोरच्याला त्रास होईल त्याचं काय?”

दुकानदारानं माझ्याकडे करुणेनं पाहिलं. “समोरच्याला आपल्याकडे पाठवून द्या. त्यालाही बसवून देऊ.”

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात न सापडणारा सिद्धांत हा असा काउंटरवर सापडतो.

आता थोडं विज्ञान, कारण त्याशिवाय श्रद्धेची उंची कळत नाही. हेडलाइटमधला आरसा, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत डोम, फार मानी असतो. ठरावीक जागी, ठरावीक लांबीची तार जळणार असं धरून त्याचा वळसा घडवलेला असतो. बुलेटसारख्या गाडीत जो 60/55 वॅटचा एच फोर बल्ब येतो, त्याच्या डिपरच्या तारेखाली पत्र्याची नखाएवढी वाटी असते. तारेचा खाली जाणारा उजेड ती अडवते. नाहीतर तो डोमच्या खालच्या अर्ध्या भागावर आपटून वर, म्हणजे थेट समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. सगळी सभ्यता त्या नखाएवढ्या पत्र्यात आहे. त्या जागी स्वस्तातला एलईडी खोचला की चिपा भलत्या जागी येतात आणि आरशाचा हिशेब कोलमडतो. उजेड वाढत नाही, सांडतो. झाडाच्या शेंड्यावरचं कावळ्याचं घरटं दिसतं, दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचं वाळत घातलेलं लुगडं दिसतं. स्पीडब्रेकर दिसत नाही.

मालक मात्र खूश असतो. “काय उजेड पडलाय!” पडलेला असतो तो पुढच्या चाकासमोरच्या दहा-पंधरा फुटांत. तिथलं लख्ख डांबर बघून डोळ्याची बाहुली आक्रसते आणि लांबचा रस्ता होता त्याहून काळा होतो. म्हणजे एवढी प्रगती करून आपण परत तिथेच: खड्डा दिसतो, अगदी त्यातले खडे मोजता येतील इतका स्वच्छ दिसतो, पण पोचल्यावर.

एलईडी यायच्या आधी या पंथात एक कर्मठ शाखा होती. ही मंडळी 60/55च्या जागी 100/90 वॅटचा बल्ब घालत. वायर तीच, बटण तेच. थोड्याच दिवसांत होल्डर वितळे आणि सिग्नलला उभं असताना करपल्याचा वास येई. त्या बल्बबद्दल मला आजही आदर आहे, कारण तो निदान स्वतःच्या मालकाला शिक्षा करायचा. एलईडी वीज कमी खातो, होल्डर जाळत नाही. शिक्षा शंभर टक्के समोरच्याला. निर्यातप्रधान अर्थव्यवस्था म्हणतात ती हीच असावी.

समोरचा म्हणजे तरी कोण? बहुधा पन्नाशी उलटलेला, पस्तीस वॅटची स्प्लेंडर हाकणारा, हँडलला भाजीची पिशवी लावलेला गृहस्थ. या वयात डोळ्यातलं भिंग पिवळट, धूसर व्हायला लागलेलं असतं. आलेला झोत आतल्या आत विखुरतो आणि तो ओसरून पुन्हा नीट दिसायला तरुणापेक्षा जास्त वेळ लागतो. ताशी साठचा वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर. तीन सेकंद दिपला, तर पन्नास मीटर तो निव्वळ श्रद्धेवर गाडी चालवतो. आपला समाज इतका देवभोळा कसा, याची कारणं अभ्यासकांनी इतिहासात फार शोधली. रात्री एकदा नगर रस्त्याला जायला हवं होतं.

कायदा आहे. आपल्याकडे तो नेहमीच असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये 106 क्रमांकाचा नियम दिव्याची मान कायमची खाली झुकलेली असावी असं सांगतो. दिव्यापुढे आठ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्याला तो दिपवता कामा नये. नियम लिहिणाऱ्यानं एवढं मोजमाप घेतलं हे वाचून भरून येतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीनं ठरवल्याहून वेगळा बदल गाडीत परस्पर करू नका. 2019च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं तेच पुन्हा ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंडाची किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आली. प्रत्येक बदलामागे! दिवा एक, लेग गार्डवरचे दोन, वर निळी लुकलुक. प्रामाणिक वसुली झाली तर एका शनिवारच्या संध्याकाळी आणखी एका उड्डाणपुलाचा खर्च निघेल.

पण वसुली करणार कोण? पीयूसीवाला धूर मोजतो, उजेड मोजत नाही. चौकातल्या हवालदारमामांचे डोळे नेमके त्या दीड मीटरच्या आसपासच असतात. झोत आला की ते तळहात कपाळाशी नेतात. गाडीवाल्याला वाटतं, सलाम ठोकला. तोही उलट सलाम करून निघून जातो.

या पंथाची खरी वारी पावसाळ्यात निघते, ताम्हिणीला. दोन फॉग लाइट, त्यांना जाळी, जाळीवर पिवळी टोपी, आणि ती टोपी फोटोत बरी दिसत नाही म्हणून काढून डिकीत ठेवलेली. घाटात धुकं भेटलं की मंडळी सगळं एकदम पेटवतात, वर अप्परही. धुक्याचा स्वभाव असा की जेवढा उजेड आणि जेवढ्या उंचावर मारावा, तेवढा ते परत तोंडावर मारतं. पुढे एक पांढरी शुभ्र भिंत उभी राहते. फॉग लाइटची जागा खाली आणि झोत आडवा, बुटका असतो तो त्यासाठीच, की उजेड धुक्याच्या पोटाखालून सरकावा. पण आपले फॉग लाइट आभाळाकडे बघतात. मग ती भिंत फोडायला हॅझर्डचे चारही इंडिकेटर चालू होतात, म्हणजे हा डावीकडे वळणार की उजवीकडे की भूतलावरून अंतर्धान पावणार, हे मागच्यानं ज्योतिषाला विचारावं.

उजेड खरोखर कमी पडतो त्यांच्यासाठी उपाय नाहीत असं नाही. ते इतके स्वस्त आणि नीरस आहेत की बाजार त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. जुन्या गाडीत बॅटरीपासून बल्बापर्यंतची वाट बारीक वायर, झिजलेलं बटण आणि गंजलेली अर्थिंग यांतून जाते आणि वाटेत व्होल्टेज गळतं. साध्या हॅलोजन बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड जवळपास तीस टक्के घटतो. बॅटरीवर चालणाऱ्या दिव्याला मध्ये एक रिले टाकून जाड वायरनं थेट बॅटरीची वीज दिली, की तोच कंपनीचा बल्ब तरणाताठा होतो. काच पिवळी पडली असेल तर बदलावी, डोमचा मुलामा उडाला असेल तर डोम बदलावा. आणि सगळ्यात आधी गाडीवर नेहमीच्या वजनाचा माणूस बसवून, समोर भिंत घेऊन, फोकसचा स्क्रू फिरवावा. मागे बायको, मध्ये पोरगं आणि दप्तर बसलं की गाडीचं नाक वर होतं आणि शांत स्वभावाचा माणूसही नकळत अप्परवाल्यांत जमा होतो.

पण स्क्रू फिरवून आलेल्या माणसाला पार्किंगमध्ये कोण विचारणार, “केवढ्याला पडला?” रिलेचा फोटो काढून कोण स्टेटसला ठेवणार?

राहता राहिला डिपर. ट्रकच्या मागे पिढ्यान् पिढ्या रंगवलेलं असतं, रात्री डिपर वापरा. 2016 साली टाटा मोटर्सनं ट्रकचालकांसाठी निरोध काढले तेव्हा त्यांचं नाव ‘डिपर’च ठेवलं होतं, इतकी ही सूचना देशाच्या हाडीमांशी खिळलेली. वाचन आपलं चांगलं आहे, आचरणाचं जरा बघावं लागेल. समोरच्यानं डिपर मारून विनंती केली की पूर्वी माणूस दिवा खाली करायचा. आता त्याला तो अपमान वाटतो. तो अप्परनं उत्तर देतो. मग समोरचा लेग गार्डवरचे दोन पेटवतो. दोघंही आता एकमेकांना दिसत नाहीत, दोघांनाही रस्ता दिसत नाही, पण माघार कोणीच घेत नाही. मधून एक कुत्रं रस्ता ओलांडतं, ते मात्र दोघांकडे एकदा बघून शहाण्यासारखं मागे फिरतं.

त्या दुकानातून मी बल्ब न घेताच निघालो होतो. दुकानदारानं हाक मारून काउंटरखालचा ड्रॉवर उघडला आणि पिवळ्या काचांचा चष्मा काढला.

“मग काका, हा तरी न्या. नाइट व्हिजन. समोरून लाइट आला ना, काही होत नाही.”

पिवळी काच लावली की अंधारात होता तो उजेडही कमी पोचतो, हे मी त्याला सांगणार होतो, पण गिऱ्हाइकांची रांग लागली होती. पुढचा तरुण बल्बही घेत होता आणि चष्माही. तेवढ्यात दुकानदारानं घड्याळ पाहिलं, पोऱ्याला शटर अर्धं खाली घ्यायला सांगितलं आणि कोपऱ्यातल्या आपल्या जुन्या स्कूटरची किल्ली उचलली.

“एवढ्या लवकर बंद?” मी विचारलं.

“रात्रीचं कोण गाडी चालवणार, काका? डोळे जातात.”