आमचे रेसिंगचे टायर

स्वतःच्या रक्तगटाबद्दल माझ्या मनात अजून थोडी शंका आहे, पण गाडीच्या टायरचं माप मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन: एकशेपंच्याण्णव बाय पन्नास, आर पंधरा. म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ५० टक्के, आर म्हणजे रेडियल आणि रिम १५ इंची. एवढं ज्ञान पदरी पडल्यावर शहाणा माणूस थांबतो. मी थांबलो नाही, आणि त्याचे साक्षीदार आमच्या एडिसनच्या गल्लीत, शाळेच्या बसच्या थांब्यावर, आजही रोज सकाळी पाठीला दप्तरं लावून उभे असतात.

गाडी म्हणजे माझदाची मियाटा. २००३ सालची, लाल, दोन सीटची, छत हातानं मागे ढकलायचं. १९८९ साली शिकागोच्या मोटार शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. साठच्या दशकातल्या ब्रिटिश टू-सीटरांची सगळी गंमत घ्यायची, फक्त गॅरेजच्या फरशीवर तेलाचं थारोळं नको, असा तिचा साधारण बेत. सर्वांत जास्त खपलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार म्हणून गिनेसच्या पुस्तकात तिचं नाव आहे. दहा लाखावी गाडी २०१६ साली तयार झाली. "दहा लाख लोकांना जे कळलं ते मला कळायला नको का?" असं मी बायकोला विचारलं. मुलगी कॉलेजला गेल्यावर मागच्या सीटची गरज संपते, हाही मुद्दा मांडला. "आणि किराणा?" तिनं विचारलं. ह्या प्रश्नाला मियाटाच्या रचनेत उत्तर नाही.

सेकंडहँड गाडी, त्यामुळे टायर गोटे झालेले. नवे घ्यायला हवे होते. कामाचं स्वरूप सांगतो: रोज पिस्कॅटवेला ऑफिसात जायचं, रूट २७वर सिग्नल मोजत परत यायचं आणि शनिवारी ओक ट्री रोडवरून कोथिंबीर आणायची. ह्या कामाला गोल आणि काळा असा कुठलाही टायर चालतो. पण टायर घेताना माणूस स्वतःची खरी वाट सांगत नाही. मी स्वतःला विचारलं, की समजा मिलव्हिलच्या रेसिंग ट्रॅकवर जावं लागलं तर? 'लागलं तर' हे शब्द तेव्हा मला खटकले नाहीत.

त्यात ह्या मापाची एक खोड आहे. १५ इंची टायर नव्या गाड्यांतून दिसेनासे होत चालले आहेत, पण मियाटा पळवणारी हौशी मंडळी अमेरिकेत इतकी आहेत की रेसिंगच्या चिकट टायरांना ह्या मापात तोटा नाही. साधा, रोजचा, पापभीरू टायर मात्र शोधावा लागतो. दुकानात शिरलं की समोर पराक्रमच मांडून ठेवलेला असतो.

टायरच्या भिंतीवर एक आकडा कोरलेला असतो, ट्रेडवेअरचा. १०० हा आकडा प्रमाण धरलेल्या टायरचा. २०० म्हणजे त्याच्या दुप्पट टिकणारा, ४०० म्हणजे चौपट. टेक्सासात सॅन अँजेलोच्या आसपास ४०० मैलांचा फेरा ठरलेला आहे, त्यावर ७,२०० मैल गाड्या पळवून झीज मोजतात. मग कंपनी आपल्या टायरला स्वतःच आकडा देते, आणि ह्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. रस्त्यावरच्या टायरांच्या शर्यतींत बऱ्याच ठिकाणी '२००च्या खाली चालणार नाही' असा नियम आहे. परिणामी बाजारात बरोब्बर २००चेच टायर गर्दीनं मिळतात. मी त्यातलेच घेतले. घेण्याआधी एक्सेलमध्ये तक्ता केला होता. त्यात कोरड्या रस्त्यावरची पकड, वळणावरची पकड, स्टिअरिंगचा प्रतिसाद असे रकाने होते. थंडीचा रकाना होता, पण तो पडद्याच्या उजवीकडे बाहेर गेला होता.

टायर घरपोच आले. ते बसवायला दुकानात न्यायचे, तर मियाटाच्या डिकीत एकही मावेना. एक शेजारच्या सीटवर बसवून त्याला पट्टा बांधला. उरलेले तीन बायकोनं तिच्या मिनीव्हॅनमधून आणले. रूट १वर स्पोर्ट्स कार पुढे आणि तिचं सामान वाहणारी मिनीव्हॅन मागे, अशी आमची मिरवणूक गेली.

मऊ रबराचे टायर घेतल्यावर पहिली प्रचिती खडीची येते. रस्त्यावरचा बारीक खडा न् खडा टायर उचलतो आणि मडगार्डच्या आत फेकतो. आत बसलेल्याला पत्र्याच्या छपरावर गारा पडल्याचा आवाज. मला तो आवाज मर्दानी वाटायचा. "गाडीचं काही सुटलंय का?" असं बायकोनं विचारलं तेव्हा मी तिला पकड म्हणजे काय हे समजावून सांगितलं. गाडी रस्त्याला धरून असते ती फक्त चार ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी साधारण तळहाताएवढी जागा, वगैरे. ती शांतपणे ऐकून घेत होती. लग्नाला बरीच वर्षं झाली की बायका असं ऐकतात.

मग नोव्हेंबर आला.

उन्हाळी टायरचं रबर सात अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं. शर्यतीच्या अंगानं बनवलेलं तर त्याहून आधी रुसतं. त्याला काम करायला ऊब लागते, आणि ती मिळते वेगानं, ब्रेकनं, वळणांनी. आमच्या घरापासून कोपऱ्यापर्यंत ह्यातलं काहीच नाही. त्या सकाळी पारा चारवर होता, रात्री पाऊस झालेला, आणि न्यू जर्सीत ह्या दिवसांत रस्त्याच्या कडेला ओल्या पानांचा जो गालिचा पसरतो तो आमच्या कोपऱ्यावर विशेष जाड होता. मियाटाची मागची चाकं ओढतात, आणि २००३च्या माझ्या गाडीत घसरण सावरणारं कुठलंही इलेक्ट्रॉनिक दैवत नाही. मी ताशी पंधरा मैलांनी डावीकडे वळलो. वळलो असं मला वाटलं. गाडीचं तोंड वळलं, मग मागची बाजू तोंडाला मागे टाकून पुढे निघाली, आणि सगळं थांबलं तेव्हा मी घराकडे तोंड करून, इंजिन बंद पडलेल्या अवस्थेत, थांब्यावरच्या पोरांसमोर बसलो होतो. सुदैवानं पोरं फुटपाथवर होती आणि बस अजून यायची होती.

क्षणभर कोणी काही बोललं नाही. मग पहिलीतली एक मुलगी टाळ्या पिटत ओरडली, "डू इट अगेन!"

मी काच खाली करून सगळ्यांना हात केला. असं का केलं ते मला आजही सांगता येत नाही. समोरच्या घराच्या बेलमधल्या कॅमेऱ्यानं सगळं टिपलं होतं, आणि मी ऑफिसात पोचायच्या आत तो व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवरून बायकोकडे, तिच्याकडून मुलीकडे आणि मुलीकडून साताऱ्याला गेला होता.

साताऱ्याला म्हणजे सासऱ्यांकडे. ते एसटीतून निवृत्त झालेले, आणि नोकरीची बरीच वर्षं महामंडळाच्या टायर रिट्रेडिंगच्या कारखान्यात गेलेली. जुन्या टायरची नक्षी खरवडून काढायची, केसिंग तपासायचं, नवं रबर चढवायचं आणि टायर पुन्हा घाटात पाठवायचा, ही त्यांची हयात. थंडीतच ते आमच्याकडे आले. विमानतळावरून घरी आल्यावर चहाही न घेता गॅरेजमध्ये गेले आणि मियाटाशेजारी उकिडवे बसले. आधी तळहात नक्षीवरून आतून बाहेर फिरवला, मग बाहेरून आत. एका दिशेनं हात सरळ गेला, दुसऱ्या दिशेनं अडकला.

"अलाइनमेंट गेलंय," ते म्हणाले. "अन् मधी घासलंय. हवा किती भरता?"

"पस्तीस," मी म्हणालो. दुकानदारानं भरली होती तेवढीच मी ठेवत आलो होतो.

त्यांनी ड्रायव्हरचं दार उघडलं, चष्मा कपाळावर सरकवून खांबावरचा स्टिकर वाचला. "ह्यावर सव्वीस लिवलंय." ज्या माणसानं आयुष्यभर शंभराच्या घरातली हवा हाताळली, त्याला सव्वीस हा आकडा बघून हसू आवरेना. मग माझ्या खिशातलं एक सेंटचं नाणं मागून घेतलं. नाण्यावरचं लिंकनचं डोकं खाली करून ते नक्षीच्या खाचेत घालायचं. डोकं अख्खं दिसलं तर टायर संपला. ही युक्ती त्यांना नातीनं फोनवर शिकवली होती. लिंकन कपाळापर्यंत बुडाले. टायर भरपूर शिल्लक होते.

शेवटी त्यांचा अंगठा टायरच्या बाहेरच्या खांद्यावर आला. नवा टायर साच्यातून निघतो तेव्हा त्यावर रबराचे बारीक केस राहिलेले असतात. गाडी जोरात वळणावर घातली की टायर बाहेरच्या अंगावर लवंडतो आणि खांद्यावरचे केस घासून जातात. भिंतीवर एक छोटा त्रिकोण असतो. रेसवाले आपली झीज त्याच्या टोकापर्यंत पोचली की नाही ते बघतात. माझ्या त्रिकोणापर्यंत धूळसुद्धा पोचली नव्हती.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "ह्याचं जावळ न्हाई काढलं अजून?"

दारात उभी असलेली बायको इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं.

त्यानंतर टायर कुठले घ्यायचे ह्यावर घरात चर्चा झाली नाही. सासऱ्यांनी एकच प्रश्न विचारला, "रोज कुठं जाता?" मी पिस्कॅटवे म्हणालो. मिलव्हिलचं नाव ओठांपर्यंत आलं होतं. एका जर्मन कंपनीच्या टायरच्या नक्षीत डी, डब्ल्यू आणि एस अशी अक्षरं कोरलेली असतात, कोरडं, ओलं आणि बर्फ ह्यांसाठी. टायर झिजत जातो तशी आधी एस पुसली जाते, मग डब्ल्यू. ही कल्पना सासऱ्यांना फार आवडली. "शिकलेला नसला तरी मानसाला कळलं पायजे," म्हणाले. मी पूर्वी तसले टायर केवळ त्या एसमुळे नाकारले होते. स्पोर्ट्स कारच्या अंगावर बर्फाचा उल्लेख मला अपमानास्पद वाटला होता. आता आमच्या मापात मिळाले ते सरळमार्गी ऑल-सीझन घेतले, अलाइनमेंट केली, सव्वीस हवा भरली. खडीचा आवाज गेला. कोपऱ्यावर मी आता वळतो आणि वळलेलाच राहतो. थांब्यावरची पोरं थोडी निराश आहेत.

जुने टायर विकायला काढले. मिलव्हिलला खरोखर गाडी पळवणारा एक पोरगा पिकअप घेऊन आला. त्यानं टायर उलटसुलट केले, खांद्यावरच्या केसांवरून बोट फिरवलं आणि गोंधळून विचारलं, की हे कोणी चालवलेत?

"ओन्ली ऑफिस," सासरे माझ्याकडे बोट दाखवत अभिमानानं म्हणाले.

पोरानं घासाघीस न करता जवळजवळ नव्याच्या भावानं पैसे मोजले. जाताना मला म्हणाला, की कधीतरी ट्रॅकवर या, शनिवारी आमचा ग्रुप असतो. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"शनिवारी ह्यांना कोथिंबीर आणायची असते," बायकोनं पायरीवरून इंग्रजीत सांगितलं.