सोळाची जोडी

नागपूरच्या प्रताप नगरात कॉम्प्युटरची रॅम वाढवायचं कोणाच्या मनात आलं, की तो त्या घराचा खासगी मामला राहत नाही. आमचा डेस्कटॉप रखडतो, हे मी फक्त वरच्या मजल्यावरच्या काकांना सांगितलं होतं. संध्याकाळी माटे चौकातला चहावाला विचारतो, "काय भाऊ, आठ टाकून राहिले का सोळा?"

काका वीज मंडळातून निवृत्त. त्यांच्या मते दोष गर्मीचा. "पंचेचाळीस डिग्रीत माणूस चालत नाही, मशीन कायले चालन? कूलरसमोर ठेव त्याले." म्हणजे खसाच्या ताट्यांचे तुषार थेट मदरबोर्डावर! काकूंचं निदान वेगळं होतं: फोटो फार साठवले. फोटो हार्डडिस्कवर असतात, वीज गेली की रॅम कोरी होते, असं मी समजावलं. "एवढे पैसे देऊन विसरभोळी वस्तू कायले आणता मग?" काकूंना रॅमची व्याख्या माझ्यापेक्षा नेमकी जमली.

भाचा गेम खेळणारा. दुसऱ्याच्या खिशातून खर्च करताना त्याचा हात फार मोकळा. "मामा, डायरेक्ट बत्तीस. डीडीआर फाइव्ह!" आमचा बोर्ड डीडीआर फोरचा. दोन्ही पट्ट्यांना पिना 288च, पण खाच वेगळ्या जागी आणि व्होल्टेजही वेगळं, फोरला 1.2 आणि फाइव्हला 1.1. बसतच नाही. जोर लावून बसवणारे वीर असतात. ते मग नवा बोर्ड घ्यायला जातात. सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं की आपल्याकडे कोणती रॅम आहे ते कळतं. पण फुकटच्या सॉफ्टवेअरपेक्षा फुकटच्या सल्ल्यावर आपला विश्वास जास्त.

माझ्याकडे 8 जीबीची एक पट्टी, 2400च्या वेगाची. शेजारी 3200ची लावली तर दोघीही 2400नेच धावणार. पोळ्याला बैल सजवणाऱ्या विदर्भात हे सांगायला सोपं: एक बैल तरणा, दुसरा थकलेला, तर बंडी थकलेल्याच्याच चालीनं जाते. म्हणून 16ची एक पट्टी घेण्यापेक्षा 8च्या दोन सारख्या घ्याव्यात. बोर्डाच्या पुस्तकात सांगितलेल्या स्लॉटमध्ये बसवल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माल मिळतो. हे पुस्तक आपण मशीन आल्या दिवशीच रद्दीत घालतो, ती गोष्ट वेगळी.

माझा हा काथ्याकूट ऐकून काका वैतागले. "भटकर साहेब इथल्याच कॉलेजातून 1965 साली इंजिनिअर झाले. अमेरिका सुपरकॉम्प्युटर देत नव्हती, तर 1991 मध्ये त्यांनी परम 8000 उभा केला. अन् तुमच्यानं एक पट्टी निवडणं होत नाही!" आज व्हीएनआयटी म्हणतात ते कॉलेज आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. ज्ञान मात्र कुंपण ओलांडून प्रताप नगरात अजून पोचलेलं नाही.

शेवटी बर्डीच्या बाजारात गेलो. भाव ऐकून मी पाणी मागितलं. "एआयवाले सगळ्या चिपा उचलून राहिले, साहेब," दुकानदार म्हणाला. बोलणं खरं होतं. मेमरी बनवणाऱ्या बड्या कंपन्या डेटा सेंटरांकडे वळल्या आहेत. मायक्रॉनने तर डिसेंबर 2025 मध्ये क्रूशियल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. कॅलिफोर्नियात कोणी एआयकडून मांजरीला फेटा बांधून घेतो आणि त्याची वर्गणी बर्डीवर आमच्याकडून वसूल होते.

तरी दोन आठ घेतल्या. पण तुम्ही निघण्याआधी नेहमीची कामं चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा. मेमरी काठोकाठ भरली असेल तरच रॅम घ्या. मेमरी अर्धी रिकामी आणि डिस्क शंभर टक्के दिसत असेल, तर रॅमवर पैसा घालू नका. एसएसडी बसवा, फरक पहिल्याच दिवशी दिसेल. आणि काहीही घेतलं तरी पक्कं बिल मागा. वॉरंटी त्या कागदावर मिळते, दुकानदाराच्या "आपलंच दुकान आहे, भाऊ" या वाक्यावर नाही.