विषय : जिल्ह्यात उद्योग आणणेबाबत

प्रति,
महाव्यवस्थापक हे पद,
जिल्हा उद्योग केंद्र, धाराशिव.

(पदावरील व्यक्ती बदलीपात्र असल्याने पत्र पदाच्याच नावे काढण्यात येत आहे.)

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, जिल्ह्यातल्या उद्योगधंद्यांचा सर्वात वरिष्ठ सरकारी जाणकार म्हणजे जिल्हा उद्योग केंद्राचा महाव्यवस्थापक. जॉर्ज फर्नांडिस केंद्रात उद्योगमंत्री असताना डिसेंबर १९७७ चे औद्योगिक धोरण आले. त्यातून १९७८ मध्ये देशभर जिल्हा उद्योग केंद्रे उघडली आणि हे पद जन्माला आले. लहान उद्योजकाने जागा, वीज, कच्चा माल आणि कर्ज यांसाठी दारोदार फिरू नये, सगळे एकाच छपराखाली मिळावे, हा मूळ हेतू. छप्पर मिळाले. बाकीची खाती मात्र आपापल्या छपराखालीच राहिली.

जागा औद्योगिक विकास महामंडळ देते. वीज महावितरण देते. धूर आणि सांडपाणी यांची संमती प्रदूषण नियंत्रण मंडळ देते, खाद्यपदार्थांचा परवाना अन्न व औषध प्रशासन देते, आणि पैसा बँक देते किंवा देत नाही. महाव्यवस्थापकाच्या हाती राहते ती शिफारस. त्याखेरीज जिल्हा उद्योग मित्र समितीची बैठक लावण्याचे काम असते. अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. औद्योगिक वसाहतीतला रस्ता, पाणी, दिवाबत्ती हे विषय तिथे येतात. मागच्या बैठकीचे इतिवृत्त कायम करून पुढच्या बैठकीत तेच विषय पुन्हा आले, तर त्यात कोणी दचकत नाही.

या पदाच्या वाट्याला आलेला जिल्हाही साधा नाही. १९७८ मध्ये लातूर याच जिल्ह्यात होते. १९८२ मध्ये लातूर वेगळे झाले आणि आडत बाजार घेऊन गेले. मागे आजच्या आठ तालुक्यांचा मुलूख, अवर्षण आणि उस्मानाबादी शेळी राहिली. २०१८ मध्ये नीती आयोगाने हा जिल्हा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातला. तेव्हापासून आकांक्षा बाळगण्याची अधिकृत सोय झाली आहे.

जिल्ह्यात डोळ्यात भरणारा उद्योग साखरेचा. तो या पदाच्या कक्षेत येतच नाही. गाळपाचा परवाना पुण्याचे साखर आयुक्त देतात. ढोकीचा तेरणा कारखाना कित्येक हंगाम बंद होता, तेव्हा त्याबद्दल उद्योग केंद्राला विचारणे म्हणजे सोयरिकीची चौकशी शेजाऱ्याकडे करण्यासारखे होते. २०२१ च्या कोरोना लाटेत चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने ऑक्सिजन तयार केला, तोही या पदाच्या वार्षिक उद्दिष्टात नव्हता.

उद्दिष्ट असते ते कर्जप्रकरणांचे. केंद्राचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून चालू आहे. केंद्राच्या योजनेत उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंत आणि सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंत प्रकल्प मांडता येतो. ग्रामीण भागातल्या महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय अशा अर्जदारांना अनुदान ३५ टक्के. समजा वाशी तालुक्यातल्या एका बाईने १० लाखांचा प्रकल्प मांडला. तिने पदरचे ५० हजार घालायचे, बाकी ९ लाख ५० हजार बँकेने द्यायचे, आणि साडेतीन लाखांचे अनुदान तिच्या हाती न देता त्याच बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून ठेवायचे. तीन वर्षांनी तपासणीत धंदा चालू दिसला, तर ते कर्जात वळते होते. गावात या सगळ्याला ‘सबसिडी मिळाली’ असे म्हणतात आणि पाहुणे पेढे मागतात.

अडचण त्याआधीच येते. अर्ज ऑनलाइन भरला जातो, उद्योग केंद्र छाननी करून तो बँकेच्या शाखेकडे पाठवते, आणि तिथून गाडी सिबिलवर येते. भूम-वाशी भागातल्या खवा भट्टीचे उदाहरण पुरेसे आहे. लाकडाच्या जाळावर मोठी कढई असते, दूध आटेपर्यंत माणूस बाजूला होऊ शकत नाही, आणि साधारण पाच लिटर गाईच्या दुधातून किलोभर खवा निघतो. भट्टीवाल्याला दूध हातात घेऊन त्याचा कस कळतो. पण व्यवहार रोखीचा, हिशेब वहीत आणि ताळेबंद कधी केलेलाच नाही. मग गावातला कोणीतरी प्रोजेक्ट रिपोर्ट ‘काढून देतो’. त्यात पाचव्या वर्षापर्यंतचा नफा रुपयापर्यंत अचूक असतो. भट्टीला जळण कुठून आणायचे, हे नसते. उद्यम नोंदणीला शासन एक पैसाही घेत नाही, हे सांगणारा फलक कार्यालयात असला तरी पैसे मोजून आलेलेच अर्जदार जास्त भेटतात.

लहान-मोठ्या कारखान्यांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. मुंबई-ठाणे-पुण्याबाहेर उद्योग जावेत म्हणून ती १९६४ मध्ये सुरू झाली. मागास तालुक्याला सवलत जास्त, हे तिचे सूत्र. त्याचे फळ पाहायचे तर तुळजापूर तालुक्यातल्या तामलवाडीला जावे; बालाजी अमाईन्सचा रसायन कारखाना तिथे आहे. नकाशा उघडला की तामलवाडी सोलापूरच्या उंबऱ्यावर दिसते. सवलत मराठवाड्याची, कामगार-वाहतूक सोलापूरची. भूम-परंड्याला असा शेजारी नाही, आणि शेजारी मंजूर करण्याची तरतूद कोणत्याच शासन निर्णयात नाही.

याच जिल्ह्यातले तेर, म्हणजे प्राचीन तगर, इसवी सनाच्या पहिल्या शतकात परदेशात कापड पाठवत होते. एका ग्रीक व्यापारी वृत्तांतात त्याची नोंद आहे : साधे कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदरात जाई. निर्यात प्रोत्साहन समिती त्या काळी नव्हती. म्हणून समिती बरखास्त करावी असे नाही. माल, गिऱ्हाईक आणि गाडी या तिन्ही गोष्टी असतील, तर शिफारस शेवटी लागते, एवढे त्यावरून दिसते. आज उद्योजकाला ती सर्वात आधी घ्यावी लागते.

सबब, हे पद ठेवावे. मात्र त्याचे काम मोजताना पाठवलेली प्रकरणे न मोजता तीन वर्षांनंतर चालू असलेल्या भट्ट्या, गिरण्या आणि वर्कशॉप मोजावेत. खवा उत्पादकांना शीतगृह आणि सामायिक यंत्रे देता येतील अशी समूह विकास योजना शासनाकडे आहे. तिच्यासाठी लागणारा पाठपुरावा एका बदलीच्या मुदतीत बसत नाही, म्हणून ती फाईल नव्या साहेबांनी पहिल्या पानापासून सुरू करू नये.

प्रत माहितीस्तव व आवश्यक कार्यवाहीस्तव :
सर्व शाखा व्यवस्थापक, धाराशिव जिल्हा. प्रकरण नामंजूर केल्यास त्याचे कारण अर्जदाराला वाचून कळेल अशा मराठीत लिहावे, ही विनंती.