बनवाबनवी आता चालायची नाही

सचिन पिळगावकरांचा ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हा चित्रपट पुन्हा पाहिला आणि पुण्याच्या जुन्या घरमालकिणींबद्दल आदर दाटून आला. त्यातल्या घरमालकीण लीलाबाई काळभोरांची अट एकच, भाडेकरू जोडपी हवीत. केवढं मन मोठं! आजचे मालक नोंदणीकृत करार, आधार, पोलीस पडताळणी, भलीमोठी अनामत मागतात. वर सोसायटीची समिती आडनाव आणि ताटात काय वाढता तेही विचारते. जोडपी दिसावीत म्हणून चार मित्रांपैकी सुधीर आणि परशाने घेतलेलं बायकांचं साडीतलं सोंग आज फाटकावरच्या अ‍ॅपनेच उघडं पाडलं असतं. (चौघांना खोलीबाहेर काढणारे घरमालक विश्वास सरपोतदार मात्र आजही जागोजागी भेटतात, त्यांच्या वंशाला मरण नाही.) चौघांच्या फजितीवर लोळून हसणारेच आपल्या फ्लॅटच्या जाहिरातीत ‘बॅचलर नकोत’ लिहितात. मालकहो, खोली रिकामी असेल तर द्या पोरांना. साडी नेसायला लावू नका.